इडालिनाची बशी

पडद्यावर दगडाच्या वयाच्या आलेखातले ठिपके काही केल्या एका रेषेत येईनात. प्रोफेसर गॉर्डनने चष्मा कपाळावर चढवला आणि नोएमीला विचारलं, "दगड जागेवरचाच होता ना? का कुठून गडगडत आलेला उचललास?"

नोएमी टॅलबट त्याची विद्यार्थिनी. किनाऱ्याजवळच्या गवताळ टेकडीवरून तिने तो निळसर दगड फोडून आणला होता. समुद्राचा तळ कॅलिफोर्नियाखाली सरकू लागला तेव्हा हा दगड त्याच्याबरोबर खोल गेला, दाबाखाली त्यात गार्नेट या खनिजाचे तांबडे दाणे वाढले, आणि कधीतरी तो परत वर आला. गार्नेटचं वय कळलं की ते सरकणं कधी सुरू झालं हे कळतं. नोएमीचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. आणि वय भलतंच आलं होतं, तो समुद्रतळ जन्मायच्याही आधीचं.

बैठकीतल्या कुणीतरी हळूच विचारलं, दाणे वेचताना काही राहिलं असेल का. गॉर्डन हसला. "दाणे इडालिनाने वेचलेत. पुढचं बोला."

इडालिना सिल्वेरा मागच्या खुर्चीत बसली होती. भरडलेल्या दगडातले स्वच्छ दाणे सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचायचे आणि डागाळलेले फेकायचे, हे काम तिने याच प्रयोगशाळेत केस पिकेपर्यंत केलं. डाग म्हणजे जुन्या खनिजाचा कण. असे थोडे कण राहिले तरी वय बिघडतं. म्हणून प्रत्येकाने वेचलेल्या दाण्यांची बशी दुसऱ्याने तपासायची, असा इथला रिवाज. फक्त इडालिनाची बशी कुणी तपासत नसे. तो तिचा मान होता.

हिवाळ्यापासून तिच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, तिने कुणाला कळू दिलं नाही. आत्ता तोंड उघडायला हवं होतं, आणि ती गप्प बसली. गॉर्डनने नोएमीला प्रबंधातून ते प्रकरणच गाळायला सांगितलं, तेव्हाही. तिला स्वतःची शिसारी आली.

दुपारी नोएमी तिच्या खोलीत आली, डोळे सुजलेले. "माझंच चुकलं असणार. टेकडीवर ऊन होतं म्हणून दगड निवडताना घाई केली मी. तुमची मेहनत वाया घालवली, इडालिना."

हे मात्र तिला सोसवेना. उरलेल्या दाण्यांची बशी तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बस इथं. काय दिसतंय सांग."

नोएमी बराच वेळ वाकून बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "डाग आहेत. बऱ्याच दाण्यांत."

"मला एकही दिसत नाही, पोरी. तुला बोलणी बसत होती आणि मी ऐकत बसले."

नोएमीने दार लोटून घेतलं. "मी कुणाला सांगणार नाही. आपण गुपचूप पुन्हा वेचू."

त्या मायेने इडालिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली आणि बशी घेऊन थेट गॉर्डनसमोर उभी राहिली. त्याने सगळं ऐकून घेतलं. तुझी बशी तपासायची नाही हे मीच ठरवलं होतं, एवढंच तो म्हणाला. त्या शब्दांनी तिला हलकं वाटलं नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिने त्याच दगडाचे दाणे नव्याने वेचले. एक मुलगा सवयीने ती बशी न तपासताच, दाणे विरघळवतात त्या आम्लाच्या खोलीत न्यायला आला. इडालिनाने ती दिली नाही. बशीवर नावाची चिठ्ठी लावून तिने ती तपासणीच्या टेबलावर, नव्या विद्यार्थ्यांच्या बश्यांच्या मागे, रांगेत ठेवली.

नंबर आला तेव्हा नोएमी वाकली. थोड्या वेळाने तिने चिमट्याने एक दाणा अलगद बाजूला काढला आणि वर बघायचं टाळलं. इडालिनाने तो दाणा बोटाच्या टोकावर घेतला आणि स्वतःच्या हाताने केरात टाकला.