डावीकडची खस

मीनानं कूलरचं बटण खटकन बंद केलं आणि पक्कड उचलली.

"हे कुणी केलं?"

विनायकरावांचा चेहरा फुलला. "मीच! दुपारी तू बाग सेवनियाला मैत्रिणीकडे गेलीस ना, तेव्हा. मोठी मोटर बसवली, पाइप नवा टाकला. बघ, डावीकडच्या जाळीतली खसही चिंब."

"जुना पाइप कुठंय?"

"टाकला. काय करायचाय आता?"

झालं! पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः जोडलेल्या या कूलरची डावी बाजू कोरडी का राहते, हाच तर तिचा फर्स्ट इयरचा प्रोजेक्ट होता. मॅडमनी बजावलं होतं, चालणारी वस्तू कुणीही विकत आणेल. तुम्ही स्वतः करा, आणि बिघडली तर का बिघडली ते शोधून या. पण पिपलानीच्या क्वार्टरात इंजिनिअर बाप! कारखान्यात जन्म गेला मोटारी बसवण्यात, घरातली बिघडलेली वस्तू त्याला कशी बघवेल?

"अगं, पण चालतोय ना आता?"

"तेच तर! उद्या मॅडमना काय सांगू? बाबांनी चालवून दिला?"

"आवाज खाली! अ‍ॅडमिशनसाठी चपला कुणी झिजवल्या? पहिली टर्म भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, पुस्तकाला हात नाही. मदत केली तर माझ्यावरच उलटतेस?"

"पडले होते, क्योंकि सगळं तुमचंच होतं! कॉलेज तुमच्या पसंतीचं, ब्रँच तुमची. हा एक डब्बा माझा होता, बाबा. तोही घेतलात."

स्वयंपाकघरातून उषाताई लाटण्यासकट बाहेर आल्या.

"अहो, एवढी हौस होती तर स्वतःच घ्यायची होती अ‍ॅडमिशन!"

विनायकराव बाजूला सरकले. मीनानं कचऱ्याच्या डब्यातून पाइप शोधून आणला, मोठी मोटर उचकटून काढली, जुनी बसवली आणि बटण दाबलं. उजवीकडे पाणी झरझर, डावीकडे खडखडीत.

ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मागे उभे राहून विनायकरावही बघत होते. व्हरांड्याची फरशी उजवीकडे मोरीच्या दिशेनं उतरती होती आणि कूलर तिकडेच कलला होता. खाली लाकडाची एक पाचर सरकवली की काम झालं. त्यांनी खाकरून तोंड उघडलं. हातही पुढे आला होता, तो त्यांनी पाठीमागे नेला.

मीनानं वळून डोळे वटारले.

"काय? कळलं वाटतं तुम्हाला?"

"नाही बुवा," विनायकराव म्हणाले. "तूच बघ."