बायडी जेवल्याशिवाय

माझा आवाज लहान आहे. मी कुणावर ओरडत नाही, त्यामुळे समोरच्याला भांडायला काही सापडत नाही आणि शेवटी सगळं माझ्या मनासारखं होतं. ही माझी साधना आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

प्रितेश दोन वर्षांचा असताना अकरा दिवस त्याचा ताप उतरेना. मी वज्रेश्वरीला नवस बोलले, "आई, याला बरं कर. रोज एका परक्या माणसाच्या मुखात घास गेल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही." ताप उतरला. आमचे हे, म्हणजे कोन गावाचे केसरीनाथशेठ, तेव्हा म्हणाले, "किती दिवस, ते बोलायचं राहिलं वाटतं?"

राहिलंच होतं. आता प्रितेशचे कल्ले पांढरे व्हायला लागलेत. चहा व्रतात चालतो, हे मात्र मी पहिल्याच आठवड्यात ठरवून घेतलं.

पूर्वी माणसं मिळायची. पॉवरलूमवरची रात्रपाळी संपवून येणारे मिळायचे, बांगडीवाली यायची. आता शेतांवर गोडाऊनं उभी राहिली आणि दारात येतो तो पार्सलवाला. त्याला म्हटलं, दोन घास खा बाबा, तर म्हणतो, "माँजी, पहले ओटीपी बताओ."

बायडी मला अकलोलीजवळच्या पाड्यावर भेटली. आमच्या महिला मंडळाने तिथे स्वेटर वाटले होते. देणगी उशिरा आली म्हणून वाटप एप्रिलात झालं. पाड्यावरच्या बायांनी निमूट स्वेटर घातले, घाम पुसत फोटो काढू दिले. बायडी पहिल्या रांगेत होती. पुढे ती आणि तिचा नवरा राघो कामासाठी कोनला आले, आमच्याच चाळीत खोली घेतली. तेव्हापासून सात वर्षं माझा परका माणूस म्हणजे बायडी. साडेआठला माझी पूजा आटपायची, ती ओटीवर येऊन अर्धी भाकरी खायची, मग मजुरीसाठी नाक्यावर जायची. मग मी जेवायचे. तिच्या पोटाची मला केवढी काळजी, असं मी मंडळात दोनदा तरी बोलले असेन.

यंदा मंडळाला चाळीस वर्षं झाली. माझा सत्कार ठरला. नको नको म्हणत मी साडी आधीच इस्त्रीला दिली. नात करिष्मा म्हणाली, "आजी, तुझ्यावर व्हिडिओ करते," आणि मोबाइल घेऊन बायडीसमोर बसली. मी आतल्या खोलीत जप करत होते. म्हणजे माळ फिरत होती, कान बाहेर होते.

"मावशी, आजीने तुमच्यासाठी काय केलं?"

"जेवाया घालते रोज."

"मग तुम्हाला किती बरं वाटत असेल!"

"मी घरनं खाऊनच येते गं."

माळ थांबली.

"मग इथे कशाला खाता?"

"मी न्हाय खाल्ला तं ताई उपाशी रव्हेल. म्हातारं माणूस हाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "इथल्या पूर्णा गावच्या गोडाऊनात मला कायमचं काम देतायत. पहाटं सहाला गाडी. दोनदा न्हाय म्हनून सांगितला. आता शैलेश सुपरवायझर बोलला, सोमवारी न्हाय आली तं दुसरी घेतो. पन ताईची पूजा साडेआठला उरकते ना."

मी बाहेर आले. करिष्माने मोबाइल पाठीमागे लपवला.

"बायडी, सोमवारी तू कामाला जायचं."

"आन तुमचं?"

"मी चारला उठते. पाचला नैवेद्य. तू खाऊन गाडी पकड."

"ताई, पाचला मला घास उतरत न्हाय."

ओटीवरून हे म्हणाले, "अगं, तिला कामाला तरी सुखाने जाऊ दे."

मला राग आला, आणि तो हळू आवाजात येत असल्यामुळे कुणाला दिसला नाही. रात्री देवापुढे बसले तेव्हा पाड्यावरचे ते स्वेटर आठवले. सात वर्षं बायडी माझ्या ओटीवर रोज स्वेटर घालून बसत होती.

सोमवारी सहाला तिची गाडी गेली. मी खिडकीतून पाहिली. त्याच दिवशी दहाला माझा सत्कार, पोटात फक्त चहा. हॉलमध्ये सगळ्या ओळखीच्या, परका म्हणावा असा फक्त मंडपवाला. पेढा घासात मोजावा का, यावर मनातल्या मनात थोडा वाद घातला आणि मंडपवाल्या चांगदेवापुढे पेढा धरला. तो म्हणाला, "आज कडक सोमवार हाय, काकू."

पाहुणे भाषणात म्हणाले, "ताईंच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही." त्याच वेळी माझ्या पोटातून जो आवाज निघाला तो माइकने पकडला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या गोदूबाईने चमकून वर पाहिलं. शाल पांघरली, नारळ घेतला, आणि नारळ फोडून खाता येतो ही गोष्ट मला आयुष्यात प्रथमच इतकी महत्त्वाची वाटली.

दुपारी साडेतीनला बायडी आली. गळ्यात ओळखपत्र, केसांत खोक्यांची धूळ. ओटीवर बसलीच ती भिंतीला टेकून.

"कामावर घेतली का गं?"

"घेतली. पायाचा तुकडा पडला. ताई, आधी वाढा."

सात वर्षांत "वाढा" ती पहिल्यांदा म्हणाली. मी भाकरी वाढली, वालाची भाजी वाढली. ती नुसती जेवत राहिली. दुसरी भाकरी मागितली, मग तिसरी. मी समोर ताट घेऊन बसले होते. पहिला घास कधीच तिच्या मुखात गेला होता, तरी माझा हात हलेना. भूक लागलेलं माणूस जेवताना कसं दिसतं, ते मी बघत होते.

तिसऱ्या भाकरीला ती थांबली. "एक बोलू, ताई?"

"बोल ना."

"भाजीत मीठच नसतं तुमच्या. पह्यल्या दिवसापास्नं. अर्धीच भाकर खायची, म्हनून चालवून घेतला. आता रोज भुकेली येनार, तं सांगून टाकते."

पेपरामागून ह्यांचा आवाज आला, "बायडी, मी चाळीस वर्षं सांगतोय."

"तुमी जोरात न्हाय सांगितला, शेठ."

मी अंगावरची शाल बाजूला ठेवली आणि मिठाची बरणी आणायला उठले.