भीती न वाटणारी मुलगी

मित्रांनो, ठोके देण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि वाटतही काही नाही. मी एक जुना मेट्रोनोम आहे, वाजवणाऱ्याला लय दाखवणारे यंत्र. लाकडी पेटी, आत स्प्रिंग, समोर हलणारा काटा. किल्ली दिली की टिकटिक सुरू. ज्या कारागिराने मला घडवले तो म्हणाला होता, "हा कुणाची भीडभाड ठेवणार नाही." ते खरे ठरले.

माझी हयात व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंच्या खोलीत गेली. तिसरा मजला, एक खिडकी, तीन खुर्च्या आणि एक पियानो. बाईंचा नियम एकच होता, सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांचा उजवा हात. मुले मला 'सासूबाई' म्हणत आणि खुदुखुदु हसत.

वयाच्या आठव्या वर्षी एक मुलगी शिकायला आली. सगळ्यांत लहान म्हणून तिला 'छोटी' म्हणू लागले, ती सोळा वर्षांची झाली तरी नाव तेच राहिले. कार्यक्रमाआधी तिचे तळहात ओले व्हायचे. "बाई, विसरले तर?" असे दहादा विचारायची. पियानोवर साथ करणारे काका तिला हळूच खिशातली लिमलेटची गोळी द्यायचे.

यंदा तिची संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. शाळेनंतर रोज चार तास सराव, रविवारी आठ. मैत्रिणी सुटल्या. डबा भरलेलाच परत जाऊ लागला. मग एके दिवशी तिचे हात कोरडे होते आणि एकही सूर चुकला नाही.

"भीती वाटतेय का गं?" बाईंनी विचारले.

"नाही. काहीच वाटत नाही."

बाईंचा चेहरा खुलला. "याला म्हणतात तयारी!" त्या दिवसापासून त्या इतर मुलांना छोटीचे उदाहरण देऊ लागल्या. माझ्या ठोक्याला इतके चिकटून आजवर कुणी वाजवले नव्हते, तेव्हा मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

परीक्षा नऊ दिवसांवर आली तेव्हा काकांनी मध्येच पियानोवरून हात उचलले. "बाई, ही पोर वाजवत नाहीये. हिच्यात आणि त्या खोक्यात फरकच राहिला नाही."

"ही काय वेळ आहे असलं बोलायची?" बाई कडाडल्या.

"तिला विचारा तरी."

बाई वळल्या. "काय गं, वाजवताना शेवटचा आनंद कधी झाला होता?"

छोटीने व्हायोलिन खाली घेतले. "आठवत नाही. जेवणाचीही चव लागत नाही, बाई. आई म्हणते, परीक्षा झाली की होईल ठीक." घरचा पत्ता सांगावा तशी ती हे सांगत होती.

बाईंनी माझा काटा बोटाने धरला. चालू पाठात त्यांनी मला कधीच थांबवले नव्हते. छोटीच्या हातून व्हायोलिन घेऊन त्यांनी पेटीत ठेवले आणि तिच्या आईला फोन लावला. "परीक्षा पुढच्या वर्षीही असते. उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मीही येते. माझं चुकलं हो. पोर आतून सुन्न झाली होती आणि मी शाबासकी देत बसले."

छोटी ऐकत होती. ती रडली नाही.

तेव्हापासून मी कपाटावर धूळ खात आहे. मित्रांनो, त्याची तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी गाणारा, नाचणारा, वाजवणारा 'काहीच वाटत नाही' म्हणाला, तर टाळ्या वाजवू नका. त्याच्याजवळ बसा, मोठ्या माणसाला सांगा. आणि ते तुम्हीच असाल, तर एकाने ऐकले नाही म्हणून गप्प बसू नका, दुसऱ्याला सांगा.

छोटी डॉक्टरांकडे जाते. दर गुरुवारी इथेही येते, खुर्चीत नुसती बसते. तीन महिने असेच गेले. परवा काका त्यांची आवडती धून वाजवत होते.

"काका, पुरे ना," छोटी म्हणाली. "कंटाळा आला मला हिचा."

काकांचे हात थांबले. कितीतरी महिन्यांनी छोटीला काहीतरी वाटले होते. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"अजून सांग," त्या म्हणाल्या. "आणखी कशाचा कंटाळा आलाय?"