पाठमोऱ्या मावशींचा वर्ग

या, अशा जवळ सरकून बसा. आमच्या शिवणवर्गाला टाळं लागता लागता कसं राहिलं, ते सांगते. पदरचं एक अक्षर घालणार नाही. घातलंच तर देव बघून घेईल.

गुरूला पाठ दाखवू नये म्हणतात. आमच्या मावशी मात्र आम्हालाच पाठ दाखवून बसायच्या! कापायचं टेबल भिंतीला लावलेलं, त्यांचं तोंड भिंतीकडे, मागे आमची पाच मशिनं. पण कान असा, की मागे न बघता ओरडायच्या, "तिसरं मशीन! टाका सुटतोय, दोरा सैल आहे." तिसरं मशीन म्हणजे मी. सैलपणाची मक्तेदारी माझीच.

एक दिवस तपासनीस साहेब आले. मावशींकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून साहेबांचा शेरा बरा आला तरच वर्ग चालणार होता. आणि मावशींचं घर त्या वर्गावरच चालायचं.

साहेबांनी कोपऱ्यात स्टूल घेतलं. कागदावरचा पहिलाच प्रश्न: शिकवताना शिक्षक विद्यार्थ्यांकडे पाहतो का?

"मावशी, तुम्ही तर भिंतीला शिकवताय."

"भिंत तुमच्यापेक्षा लवकर शिकली, साहेब. वीस वर्षांत एक प्रश्न नाही विचारला." मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "पहिलं मशीन, सुई बोथट झालीय, बदल."

पहिल्या मशीनवालीने सुई काढून बघितली. खरंच बोथट होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. जिंकलोच म्हणा ना!

"आणि पाचवं मशीन?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पाचवं ठीक आहे. काही तक्रार ऐकू येत नाही."

"येणार कशी? त्या बाई अर्ध्या तासापासून नुसत्या बसल्यात."

आम्ही सगळ्या वळलो. पाचवी, वर्गात नुकतीच आलेली माझी जाऊबाई, मांडीवर कापड घेऊन खाली मान घालून बसली होती. दोन्ही बाह्या उलट्या जोडलेल्या.

मावशी पहिल्यांदाच मागे वळल्या. "अगं, विचारायचं नाही का?"

"काय चुकलंय तेच कळेना, मावशी. मग विचारू काय?"

मावशींनी हातातली कात्री ठेवली. उठून जाऊबाईशेजारी बसल्या, उसवायची सुरी घेतली आणि एक एक टाका काढत बाही मोकळी करून दाखवली. मग सुरी तिच्या हातात दिली. "आता दुसरी तू."

साहेब पेन हातात घेऊन घुटमळत होते. मावशीच म्हणाल्या, "त्या पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहा, साहेब. खोट्याने वर्ग वाचवून काय करू?"

आमचा जीव टांगणीला. साहेबांनी 'नाही' लिहिलं. खाली लिहिलं: 'शिक्षिकेला चूक दिसली की ती उठते. महिन्याने पुन्हा तपासणी. तोवर वर्ग चालू ठेवावा.'

त्याच दुपारी आम्ही पाच जणींनी ते टेबल ढकलून फिरवलं. मावशी "हळू, फरशी फुटेल" म्हणून दटावत होत्या. महिन्याने साहेब आले आणि पहिल्या प्रश्नापुढे 'हो' लिहून गेले. आता मावशींना कानही आहेत आणि डोळेही. आमचे हाल विचारू नका.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या साहेबांची आठवण काढा. मावशींची काढायला आम्ही पाच जणी आहोत. तपासनिसाची आठवण कोण काढतं हो?