झडपेबाहेरचा ठसका

सध्या आमच्या महाल भागातल्या गल्लीले दुसरा धंदा नाही. जो तो येते, आमच्या गाडीत डोकावते अन् चार अकला शिकवून जाते. माझ्या नवऱ्यानं, चेतननं, शाळेची जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, गॅस असं अख्खं घर बसवलं. उद्या निघायचं, थेट कोकणात. सासूबाईले समुद्र दाखवायचा आहे. उमरेडले हातमागावर त्यांचा जन्म गेला, पण तलावापलीकडं पाणी पाहिलं नाही.

पण आईंले दमा. अन् माझी सावनेरची नणंद यमुताई फोनवर कडाडली, "त्या डब्यात फोडणी दिली तर आई गुदमरून जाईल. मी येऊन पाहते. तिले ठसका लागला का माझ्या घरी घेऊन जाते. समुद्र गेला खड्ड्यात!"

म्हणून चेतन सकाळपासून पत्र्याच्या मागे लागलेला. शेगडीवर चिमणी होती, पण तिचा धूर बाहेर काढायचा कुठून? त्यानं आतून मोजलं, बाहेरून मोजलं, अन् कटर चालवला.

"वाकडं होऊन राहिलं," मी म्हटलं.

"मग तूच काप!"

भोकात पाइप बसला, बाहेरून लोखंडी झडप रिव्हेटनं ठोकली, कडेनं सिलिकॉन भरलं. चिमणीचा पंखा लावला का हवेनं झडप उघडते, बंद केला का मिटते. सिलिकॉन वाळेपर्यंत मी घरात मसाला वाटला, अन् आई हळदीकुंकू घेऊन गाडीभोवती फिरत राहिल्या.

यमुताई आली अन् गाडीच्या दारातच बसली. "साधी नको, सावजी फोडणी दे."

मी तेलात लसूण अन् मिरच्या टाकल्या. चिमणी घुरघुरत होती, पण धूर वर जाऊन पुन्हा खालीच येऊन राहिला. मागं पाहिलं तर आई पलंगावर ताठ बसलेल्या. तोंडावर पदर, चेहरा लाल, डोळ्यांतून धारा.

"काही नाही वं," त्या कसंबसं बोलल्या. "मस्त हवा आहे."

खोकला दाबून राहिल्या होत्या! पोरीनं नेऊ नये म्हणून. मले पाहवलं नाही. मी गॅस बंद केला, त्यांले बाहेर आणलं. "आई, खोका! गेला तो समुद्र!"

मग त्या खोकल्या, पार वाकून. अन् मधेच म्हणाल्या, "मले जायचं आहे वं."

यमुताईनं त्यांची पिशवी उचलली. चेतन पायरीवर डोकं धरून बसला. मी मात्र तणतणत झडपेकडं गेली, तिले दोन शिव्या तरी घालाव्या म्हणून. पाहते तर काय, झडपेले निंबू-मिरच्या! सुतानं करकचून आवळलेल्या, विणकराच्या गाठीनं. ओढावं तेवढी घट्ट. झडप उघडणार कुठून?

"अवो आई, हे काय?"

"नव्या गाडीले नजर नको लागाले," आई ओशाळल्या. "बांधाले दुसरं काही वर आलेलं दिसलंच नाही."

चेतन हसावं का रडावं अशा तोंडानं पाहत राहिला. मी सुरीनं सूत कापलं, आईंची धाप खाली बसू दिली अन् त्यांले पुन्हा आत बसवलं. यमुताई पिशवी घेऊन बाहेरच, झडपेखाली. "धूर निघते का, मी इथूनच पाहते."

पाह म्हटलं. यावेळी मी मूठभर मिरच्या जास्तच टाकल्या. झडप खाडकन उघडली अन् सगळा ठसका यमुताईच्या नाकात. ती खोकून खोकून बेजार.

आईंनी खिडकीतून डोकं काढलं. "यमे, बाहेर काहून खोकून राहिली? आत ये, आत चांगलं आहे."

यमुताई आत आली. पिशवी जागेवर ठेवली, दम्याचा पंप काढून आईंच्या उशाशी ठेवला. मग डोळे पुसत हळूच म्हणाली, "मी तरी कुठं पाहिला वं समुद्र."

आई पलंगावर सरकून बसल्या.