नुसते श्वास

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत माझं काम श्वास काढण्याचं. गाणारा माणूस दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो, माइक तो इमानेइतबारे टिपतो आणि मी तो कॉम्प्युटरवर कापून टाकतो. लोकांना गाणं हवं असतं, गाणाऱ्याची फुप्फुसं नको असतात.

माझी थोरली बहीण आमच्याकडेच कोरसमध्ये गायची. ताईचा श्वास म्हणजे विहिरीतून बादली ओढल्यासारखा. बाकीच्या सगळ्या जणींचं मिळून जेवढं काम पडे, तेवढं एकट्या ताईचं. घरी मी कुरकुर केली की म्हणायची, "मग काय श्वास घरी ठेवून येऊ?"

पुढे मालकांनी गाणारं सॉफ्टवेअर आणलं. शब्द आणि चाल दिली की ते गातं. त्याला चहा लागत नाही, त्याचा घसा बसत नाही आणि ते श्वासही घेत नाही. मालकांनी ताईसकट सगळ्या कोरसला हात जोडले. तरी ताईचा सकाळचा रियाज चुकला नाही. "वन्सं आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जातात," बायको मला म्हणाली. कुणी गायला बोलावतंय का, याची ताई वाट बघत होती. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी पेपर वाचायचो.

मग गिऱ्हाइकं तक्रार करू लागली. गाणं उत्तम आहे, पण ऐकताना आपलाच जीव गुदमरतो. मालकांनी मला बोलावलं. "यात श्वास घाल."

"कुणाचे?"

"तुझ्याकडे ढिगाने असतील की."

"मी ते फेकून देतो. त्याचाच पगार घेतो."

मालकांनी स्वतःच माइकसमोर उभं राहून श्वास घेतले. ते घातल्यावर मशीनमधली बाई जिना चढून आल्यासारखी वाटू लागली. ही संधी साधून मी ताईचं नाव काढलं.

"चालेल," मालक म्हणाले. "पण फक्त श्वास. गाणं नको."

घरी मी तेवढं सांगायचं टाळलं. "तुला बोलावलंय," एवढंच म्हणालो. ताई ठेवणीतले कपडे घालून आली, आणि माइकसमोर उभी राहिल्यावर मला खरं सांगावं लागलं.

"नुसते?" तिने विचारलं.

"नुसते."

तिने घेऊन पाहिले. सगळे एकाच मापाचे, सर्दी झाल्यासारखे. "पुढची ओळ केवढी आहे, ते माहीत नसताना किती घेऊ?" ती वैतागली. तिचं बरोबर होतं, त्यामुळे मीही वैतागलो. शेवटी ठरलं की ताईने पूर्ण गाणं म्हणायचं आणि मी त्यातून गाणं काढून टाकायचं.

ताई गायली. इतकी वर्षं मी कोरसच्या गर्दीतून तिचे श्वास तेवढे हुडकत होतो. तिला एकटीला कधी ऐकलंच नव्हतं. शेवटच्या ओळीत एका सुरावर ती जरा रेंगाळली. तिथून जायचं तिच्या जिवावर आलं असावं. मला भरून आलं. कामाच्या जागी हे बरं दिसत नाही, म्हणून मी नाक शिंकरलं.

मग कापायला बसलो. हाताला सवय जुनी. त्याने सगळे श्वास कापले आणि गाणं ठेवलं. चूक लक्षात आली तरी मी तेच मालकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकाला मशीनचंच गाणं हवंय. श्वास कुठे गेले?"

मी परत जागेवर जाऊन बसलो आणि या वेळी नीट कापलं. मशीनच्या गाण्यात ताईचे श्वास असे बसले की मालकांनी माझी पाठ थोपटली.

ताई बाहेर बाकावर बसली होती. "कसं झालं गाणं?"

"फार छान झालं, ताई. खरंच."

"ठेवलंस?"

मी मान हलवली. नाही.

तिने मोठा श्वास घेतला. तेवढ्या श्वासात तिला मला पुष्कळ काही सुनावता आलं असतं. पण तिने चपला पायात सरकवल्या आणि विचारलं, "उद्या कुठलं गाणं आहे?"