चौथा मजला, बिनलिफ्टचा

लिफ्टअण्णांनी छत्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या सहा लिफ्ट सांभाळल्या, आणि निवृत्तीच्या पैशांतून घर घेतलं ते चौथ्या मजल्यावर, लिफ्टच नसलेल्या इमारतीत. हसा, खुशाल हसा. हॉस्पिटलातले सोबती घर बघायला आले तेव्हा तेही धापा टाकत हसलेच होते. हसणाऱ्यांचं काय जातं? हॉस्पिटलने राहायला दिलेली खोली तीन महिन्यांत सोडायची होती, हातात आलेल्या रकमेत बसेल असं हे एकच घर होतं, आणि ते स्वस्त होतं तेच मुळी जिन्यामुळे. घर घेऊन जे उरलं ते मुदत ठेवीत गेलं. दर महिन्याला पेन्शन येई, ती पगाराच्या निम्म्याहून थोडी कमी.

पैशांबद्दल म्हणाल, तर अण्णांची काडीची तक्रार नव्हती. पहिली पेन्शन जमा झाली त्या दिवशी ते बँकेच्या खिडकीपाशी चक्रावून उभे राहिले होते. "पण या महिन्यात मी काहीच काम केलं नाही हो," असं त्यांनी आतल्या बाईंना प्रामाणिकपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "आधीच केलंत की काका. आता घ्या." हे बोलणं अण्णांनी घरी येऊन बायकोला, म्हणजे काकूंना, तीनदा ऐकवलं. मग स्कूटर विकून टाकली, बाहेरचा चहा सोडला, भाजी बाजार उठायच्या वेळेला आणायची सवय लावून घेतली. पहिले चार महिने, निम्म्या पैशांत भागणार कसं म्हणून अण्णा रोज रात्री हिशेब मांडायचे. पाचव्या महिन्यात लक्षात आलं की अरेच्चा, भागतंय की! त्या दिवशी दोघांनी मिळून आइस्क्रीम खाल्लं.

घोडं अडलं होतं ते जिन्यापाशी. आता लिफ्टवाल्या माणसाचं मन कसं चालतं ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही-आम्ही जिन्यावर कुणाला पाहिलं तर म्हणतो, चाललाय बिचारा. अण्णांना जिन्यावर माणूस दिसला की तो सरळ त्यांच्या नावाची तक्रार वाटे. छत्तीस वर्षं हेच. एखादी म्हातारी कठड्याला धरून चढताना दिसली, की कुठली लिफ्ट बंद पडली म्हणून अण्णा पान्हा घेऊन धावत सुटायचे. रात्रपाळी करून आलेले असोत, नाहीतर अर्धं जेवण ताटात असो. आणि आता त्यांची स्वतःची बायको, दोन्ही गुडघे कुरकुरणारी, चौथ्या मजल्यावर! रोज सकाळी डोळे उघडले की अण्णांना आधी ते चार जिने दिसायचे.

त्यांनी आपल्या परीने उपाय केले. गॅलरीच्या कठड्याला लोखंडी कप्पी बसवली, दोर टाकला, दोराला टोपली बांधली. भाजीवाला खालून टोपलीत भाजी ठेवी आणि अण्णा वर ओढून घेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा गमतीने आपली बाजाराची पिशवीच टोपलीत टाकली, तर अण्णांनी वाटेत थांबवून त्यांच्या गॅलरीत अचूक पोचवली. त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती.

पण भाजी वर आली म्हणून बायको खाली जात नाही ना! काकू आठवड्यातून एकदा उतरायच्या, कधी तेही नाही. लेकीचा फोन आला की काकू हसून म्हणायच्या, "मी कुठे जाते गं, मी आपली वरच असते." शेजारी बसलेल्या अण्णांना तो 'वरच' काट्यासारखा टोचायचा. बायकोला आपण पिंजऱ्यात आणून बसवलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं झालं. काकूंना त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं तर ती चांगुलपणाने 'मला काही त्रास नाही' असंच म्हणेल, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. पुरुषांची ही एक गंमतच असते, प्रश्नही यांचेच आणि उत्तरंही यांचीच.

आठव्या महिन्यात त्यांना वाट सापडली. तळमजल्यावर एक चष्मेवाले राहायचे, चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. रस्त्याच्या गोंगाटाने ते वैतागले होते. जिन्यात बोलता बोलता विषय निघाला आणि चष्मेवाले म्हणाले, "अण्णा, तुमचं घर मला द्या, माझं तुम्ही घ्या. फक्त तळमजल्याचा भाव जास्त, तेवढं वरचं द्यावं लागेल." ते वरचं म्हणजे मुदत ठेवीतली जवळजवळ निम्मी रक्कम. म्हातारपणीच्या औषधपाण्याला म्हणून बाजूला ठेवलेली. अण्णांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी शब्द देऊन टाकला.

ठेवीतला तो खड्डा भरायला त्यांनी आणखी एक उद्योग केला. एका ठेकेदाराकडे आठवड्यातले चार दिवस लिफ्टदुरुस्तीचं काम धरलं. साठी उलटलेला माणूस, पुन्हा त्या अंधाऱ्या उभ्या भुयारात, तारांच्या गुंत्यात, डोक्यावर लिफ्टचा डबा. घरी सांगितलं, निवृत्त लोकांचं मंडळ आहे, तिथे पत्ते खेळायला जातो. काकूंनी एकदा नुसतं वर पाहिलं आणि म्हणाल्या, "जा की." दोन महिने अण्णा आठवड्यातून चार दुपारी मंडळात जायचे आणि संध्याकाळी पाठ धरून परत यायचे.

मग अदलाबदलीचे कागद करायचा दिवस चार दिवसांवर आला. काकूंना चकित करायचं म्हणून अण्णांनी त्यांना काही न सांगता एका दुपारी खाली नेलं. "चष्मेवाल्यांनी चहाला बोलावलंय," एवढंच म्हणाले.

बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला होता. दुपारचे तीन वाजले होते, तरी दिवा. खिडकी होती, पण तिला लागून गल्ली आणि गल्लीपलीकडे भिंत. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत, कारण खोली रस्त्यापेक्षा हातभर खाली होती. काकूंनी कप हातात घेतला आणि त्या खिडकीकडे बघत राहिल्या.

"दिवसाही लावावा लागतो का दिवा?" त्यांनी विचारलं.

"सवय होते हो," चष्मेवाले म्हणाले. "आणि तुमच्या गुडघ्यांना किती आराम! स्वयंपाकघराच्या फळ्या तुमच्यासाठी तशाच ठेवून जातो, काय अण्णा?"

झालं! चकित करायचं होतं ते झालंच. काकूंनी कप खाली ठेवला. अण्णांकडे पाहिलं, चष्मेवाल्यांना "येते" म्हणाल्या आणि उठल्या. अण्णा चपला शोधेपर्यंत त्या पहिल्या मजल्यावर पोचल्या होत्या. "अगं, हळू! अगं, थांब तरी!" म्हणत अण्णा मागून निघाले. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची बाई पुढे आणि रोज जिन्याला शिव्या देणारा गडी मागे, अशी ती वरात चौथ्या मजल्यावर गेली. अण्णा दारात पोचले तेव्हा त्यांना बोलायला श्वास उरला नव्हता, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

काकू गॅलरीत उभ्या होत्या. रडत होत्या.

"कुणाला विचारून?" त्या म्हणाल्या.

"अगं, तुझ्यासाठीच. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे दुखतात ते मला दुखतात. मी एकदा तरी म्हटलं, मला खाली न्या म्हणून?"

"तू खाली उतरतच नाहीस! लेकीला सांगतेस, मी वरच असते. मला काय कळत नाही?"

काकू डोळे पुसून खुर्चीवर बसल्या.

"अहो, मी उतरत नाही कारण मला उतरावंसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी कुठे राहिले? हॉस्पिटलच्या तळघरात. तुमच्या लिफ्टच्या खड्ड्याशेजारी. छताला लागून वीतभर खिडकी, तिच्यातून लोकांचे बूट दिसायचे. सकाळी उठले की दिवा, झोपेपर्यंत दिवा. बाहेर पाऊस आहे की ऊन आहे ते तुमच्या शर्टावरून कळायचं मला. कपडे बॉयलरच्या बोळात वाळायचे, लेक शाळेत जायची तर मुली म्हणायच्या, हिच्या कपड्यांना धुराचा वास येतो."

अण्णांना हे नवीनच होतं. भाडं नाही, विजेचं बिल नाही, कामावर पोचायला दोन मिनिटं, म्हणून ती खोली मिळाल्याबद्दल त्यांनी बत्तीस वर्षं सगळ्यांपुढे मिरवलं होतं.

"तेव्हा का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बोलून काय करणार होतात? पगार तेवढाच होता. आणि तुम्ही किती खूश होतात त्या खोलीवर." काकूंनी नाक ओढलं. "या घरात आल्यापासून रोज सकाळी ऊन आपल्या पायांनी आत येतं. मी काम सोडून बघत बसते. रोज मनात म्हणते, या माणसाने मला केवढं मोठं काही दिलं. आणि हा माणूस ते विकायला निघालाय! वर ठेवीतले पैसे मोजून!"

अण्णा मटकन खाली बसले, जमिनीवरच. लाज वाटत होती, आणि लाजेच्या आत कुठेतरी भलताच आनंदही होत होता. आपण काहीतरी दिलं आणि ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

"आणि ते मंडळ बंद करा," काकू म्हणाल्या.

"कुठलं मंडळ?"

"पत्त्यांचं. कॉलरचं ग्रीस बत्तीस वर्षं घासलंय मी, मला शिकवता का? कुठल्या पत्त्यांना ग्रीस लावतात हो? तुम्ही घरी येईपर्यंत जीव टांगणीला असतो माझा. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून गप्प होते."

"पण उद्या तुझे गुडघे अगदीच गेले तर?"

"तर त्याच ठेवीतून दवाखाना करू. तेवढ्यासाठीच ठेवलीय ना ती? आणि नाहीच जमलं तर तेव्हा बघू. दोघं बघू."

अण्णा तसेच उठले आणि खाली गेले. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, रागही आला, आणि ते काही खोटं नव्हतं. महिनाभर ते मनातल्या मनात वरच्या घराला पडदे लावत होते. "अण्णा, हे आधी घरात विचारायचं असतं," एवढंच ते म्हणाले. अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं. अगदी बरोबर बोललात." ठेकेदाराला त्यांनी चौकातूनच फोन करून टाकला. तो बरंच काही बोलला, अण्णांनी सगळं हो-हो करून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी, निवृत्तीला वर्ष व्हायला दीड-दोन महिने उरले असताना, अण्णा बऱ्याच दिवसांनी अख्खी दुपार निवांत घरी होते. काकूंनी गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या आणि मटार सोलायला घेतले. अण्णांनाही थोडे दिले. अण्णांचं सोलणं हळू, काकूंचं सराईत, त्यावरून थोडी थट्टा झाली. लेकीला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरलं. मग बोलता बोलता काकूंचा आवाज थांबला.

अण्णांनी वळून पाहिलं तर काकूंना झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर अर्धवट सोललेली शेंग. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला उन्हात झोपलेली अण्णांनी कधी पाहिलीच नव्हती. गालावरचा एक बारीक तीळ त्यांना दिसला. तो किती वर्षांपासून आहे ते त्यांना सांगता आलं नसतं. देवा, एवढं सगळं अजून हातात आहे, असं ते मनात म्हणाले.

ऊन सरकत सरकत काकूंच्या डोळ्यांवर आलं. गॅलरीचा पडदा ओढून घ्यावा म्हणून अण्णा अर्धे उठले, हातही पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. उठल्यावर विचारू तिला, असं ठरवून ते आवाज न करता परत खुर्चीत बसले.